सीट सोडली म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ या, हे काही रस्त्यावरून ओरडून सांगायचं नाही. कुरडया राहू द्या तिथंच, उडून कुठं जात नाहीत. कोपऱ्यावरच्या काकूंकडं मागं भिशी होती ना, तुम्ही नेमक्या नव्हतात. काय चुकवलंत, काय सांगू!

काकूंच्या लेकीनं मोबाइल टीव्हीला जोडून ठेवलेला. आम्ही आपल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलोय, चिठ्ठी काढायची राहिलेली. काकूंनी रिमोट दाबला, म्हणे जरा गाणी लावते. तर समोर काय? रात्रीची वेळ, गच्ची, आणि गच्चीवर दोन पोरं समोरासमोर. बोलणं काही कळत नव्हतं, पण डोळे भरलेले. आम्हाला वाटलं, भांडण झालंय, आता एक दुसऱ्याच्या कानाखाली देणार. आणि दिलं ते भलतंच...

अहो, चेहरे बघायचे होते एकेकीचे! बँकेतल्या वहिनींचा घास हातातच राहिला. आमच्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे कुठं झाकले? ते टीव्हीवरच. काकू रिमोटची सगळी बटणं दाबायल्या, तर आवाज आणखीनच वाढला. लेक आतून ओरडत आली, "आई, बंद करू नको, पाचवा एपिसोड आहे तो!" काकू म्हणाल्या, "पोथीतला अध्याय आहे का, पाचवा म्हणून सांगायलीस?" एवढ्यात त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, कोपऱ्यातून म्हणतात, "अगं, ते एक लेकरू रडत चाललंय की. कामून रडायलंय ते? त्याच्या मायला कळलं का काय?"

झालं. चिठ्ठी राहिली बाजूला. सासूबाईंना उत्तर द्यायचं म्हणून पहिल्या भागापासून लावलं, ते रात्री नऊपर्यंत. वहिनींचे मिस्टर दोनदा फोन करून गेले, "जेवायचं काय?" वहिनी म्हणाल्या, "खिचडी टाका." त्या वहिनी! ज्या नवऱ्याला चहासुद्धा करू देत नाहीत.

तर काय सांगत होते... हां, ती मालिका. 'बॅड बडी'. थायलंडची हो, तुम्हाला माहीतच असणार, घरोघरच्या पोरी बघतात. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, बारा भाग, ओम आणि ननॉन नावाची दोन पोरं त्यात. पॅट आणि प्रान. दोघांची घरं शेजारीशेजारी, मधी भिंत, आणि दोन्ही घरांचं जन्माचं वैर. ह्याच्या बापाचं आणि त्याच्या आईचं तरुणपणी स्कॉलरशिपवरून काहीतरी झालेलं, आणि ते उसनं आता पोरांनी फेडायचं. परीक्षेत ह्याला किती मार्क पडले, त्याला किती, सगळं मोजायचं. बँकेतल्या वहिनी लगेच, "ह्यात काय नवीन? आपल्याकडं बांधावरून भावकीत तीन पिढ्या बोलत नाहीत." अहो, तेच तर! म्हणूनच सासूबाईंना थाई भाषेतला एक शब्द कळत नव्हता आणि गोष्ट सगळी कळत होती.

आणि खरं सांगू? त्या गच्चीवरच्या प्रसंगावर नंतर कुणी बोललंच नाही. मला वाटलं होतं आठवडाभर तेच चघळतील. पण सगळ्यांच्या तोंडी वेगळंच. शेवटी ती पोरं काय करतात माहितीय ना? घरच्यांना दाखवायला वेगळं झाल्याचं नाटक करतात. आणि मग वर्षानुवर्षं चोरून भेटायचं. आईबापही हळूहळू बघून न बघितल्यासारखं करायचे. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं नाटक रोज करायचं म्हणजे जीव जातो बाई." त्या असं म्हणाल्या आणि एकदम भाजी निवडायला लागल्या. आता जाऊबाईंनी कुठलं नाटक केलं असेल, मला काय माहीत... जाऊ द्या.

ते मधे मधे क्रीम आणि खाऊच्या पाकिटांच्या जाहिराती मात्र घुसवतात मेले. पोरगं हुंदके देतंय आणि पुढच्याच क्षणी चेहऱ्याला काहीतरी लावतंय, पाकीट कॅमेऱ्याकडं धरून. तेवढं सहन करायचं.

खरी मजा पुढं आहे. आमच्या लातूरच्या नणंदबाई आलेल्या चार दिवस. त्या तिकडं मेस चालवतात, तुम्हाला ठाऊकच आहे, सगळी क्लासची पोरं, नांदेड-परभणी-हिंगोलीकडची, नीटवाली. त्यांना मी म्हणलं, चला, दुसरी बघू. 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'. २०२० ची, पाचच भाग, फुकेतची. त्यातल्या तेहची आई नूडल्स विकते. घर साधं, थोरला भाऊ, बाप नाही. तेह आणि ओ-एव, दोघं लहानपणीचे दोस्त, मधी बिनसलेलं. मग चिनी भाषेच्या अभ्यासाच्या निमित्तानं परत जवळ येतात. एक दुसऱ्याला शिकवतो, युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळावा म्हणून. नणंदबाई निवांत बघत होत्या. म्हणे, "आमच्या मेसमध्येपण असंच असतं, एक हुशार, एक जरा मागं, रात्री दोनपर्यंत दोघं एकाच पुस्तकात." इथपर्यंत ठीक.

आणि मग तो तेह काय करतो? त्याला प्रवेश मिळतो. ओ-एव यादीत खाली राहतो. आणि हा पठ्ठ्या आपली जागा सोडून देतो, त्याला मिळावी म्हणून. आईला न विचारता!

अहो, नणंदबाई ताडकन उभ्या! "काय? सीट सोडली? सीट सोडली म्हणे!" टीव्हीलाच बोलायल्या त्या. "अरे, तुझ्या मायनं एवढ्या नूडल्स कशासाठी विकल्या?" मी म्हणलं, ताई बसा, मालिका आहे. तर म्हणतात, "मालिका कसली? तुला माहितीय, लातूरला एका सीटसाठी लोक काय काय करतात? बाप शेताचा तुकडा विकतो. माय स्वतःचा संसार सोडून पोरासोबत दहा बाय दहाच्या खोलीत दोन दोन वर्षं काढते. निकालाच्या दिवशी मेसमध्ये कुणाचं काय झालं ते मला विचारावं लागत नाही, ताटात भाकरी किती उरली त्यावरून कळतं." आणि मग त्याची आई कळवळून बोलते तो प्रसंग आला आणि ह्या रडायल्या. बरं, कुणाच्या बाजूनं रडायल्या ते काही कळेना. आधी आईसाठी रडल्या, मग तेहसाठी, मग ओ-एवसाठी. कारण त्या बिचाऱ्यानं सीट मागितलीच नव्हती हो! त्याला हे कळलं तर त्याला काय वाटेल?

सगळं संपल्यावर नाक पुसून म्हणतात, "मिठी काय, कुणीपण मारतंय. सीट सोडून दाखवा म्हणावं."

आता बघा, मी काही मोठी समीक्षक नाही. पण ह्या एका वाक्यात नणंदबाईंनी सगळं सांगून टाकलं, असं माझं मत आहे. ही दोन पोरांच्या प्रेमाची मालिका मनात कधी राहते? त्यांनी काय सोडलं, काय पणाला लावलं, हे आपल्या घरच्या हिशेबात कळतं तेव्हा. नाहीतर पोरं देखणी, पाऊस, गिटार, हे सगळ्यांतच असतं. काही काही मालिकांत तर पोरं इंजिनिअरिंगची म्हणे, आणि बारा भागांत एकाच्या हातात पुस्तक दिसेल तर शपथ! कुणाला काही गमवायचंच नाही. ती बघून उठलं की दोघांची नावंसुद्धा आठवत नाहीत.

आपल्या रिटायर्ड मॅडम, गणिताच्या, त्या तर ह्याबाबत फार कडक. त्यांच्या नातीनं त्यांना 'सोटस' दाखवली, २०१६ ची, तिथूनच हे थाई प्रकरण इतकं वाढलं म्हणतात. सीनियर ज्युनियरला उन्हात उभं करतो, ओरडतो, पळायला लावतो, आणि मग त्यांचं जमतं. मॅडमनी दुसऱ्याच भागात चष्मा काढून ठेवला. "हे प्रेम नाही, हे अँटी-रॅगिंग कमिटीकडं जाणारं प्रकरण आहे." नात रुसली. मॅडम काही ऐकेनात. माझंही मत मॅडमसारखंच, पण नातीसमोर बोलले नाही, उगी कशाला...

बँकेतल्या वहिनींची आवडती वेगळीच. जपानी, 'व्हॉट डिड यू ईट यस्टर्डे', २०१९ ची. एक वकील शिरो आणि एक केस कापणारा केंजी, दोघं पोक्त वयाचे, एकत्र राहतात. त्यात काही म्हणजे काही घडत नाही! शिरो ऑफिसातून सुटला की भाव बघत बाजार करतो आणि घरी येऊन स्वयंपाक. सुपरमार्केटात अख्खं कलिंगड महाग पडतं म्हणून एका अनोळखी बाईबरोबर अर्धं अर्धं वाटून घेतो, आणि तिच्याशी चक्क घरोबा होतो त्याचा. वहिनी म्हणाल्या, "हा आपल्या भिशीत पाहिजे होता." लिहिणारी बाईच आहे, फुमी योशिनागा. अहो, हे असलं, दोन पुरुषांच्या प्रेमाचं, लिहायला सुरुवातच बायकांनी केली म्हणे, जपानात, १९७० च्या दशकात, चित्रकथांमधून. ते कळल्यावर मला नवल वाटलं नाही. पोटात ठेवून हसतमुख राहायची सवय जिला असते, तिलाच हे लिहिता येणार.

पण त्याच जपानी गोष्टीच्या पुढं २०२१ मध्ये सिनेमा आला, त्यात काय होतं ऐका. आधी नव्या वर्षाला शिरो केंजीला आईवडिलांच्या घरी घेऊन गेलेला. सगळं कसं छान, हसून स्वागत, जेवण. केंजी तर भरून पावला. आणि मग सिनेमात कळतं, घरच्यांनी शिरोला मागून सांगितलंय, पुढच्या वेळी त्याला आणू नकोस. तोंडावर एक अक्षर नाही हो! भांडण नाही, शाप नाही, घराबाहेर काढणं नाही. वहिनींचा चेहरा असा उतरला ना. "ओरडली असती तर बरं झालं असतं गं. हसून वाढलं आणि मग निरोप पाठवला." आपल्या मराठी मालिकांत असतं ना, एक डोळे मोठे करणारी, दुधात काहीतरी मिसळणारी? तिची भीती नाही वाटत. ही प्रेमळ आई परवडत नाही बघा.

तर काय सांगत होते... मॅडम. मॅडम म्हणाल्या, थायलंड-जपान काय लावलंय, आपल्याकडं नाही का? चेतन दातारांचं 'एक माधवबाग' आहे, त्यात आई एकटीच बोलते, मुलाची डायरी हाती लागलेली आई. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आहे, २००६ ची. त्यात तर, अहो, एकच पेइंग गेस्ट, आणि त्याच्यावर घरातला भाऊही भाळलेला आणि बहीणही! जाऊबाई म्हणाल्या, "अगं माय!" पण मॅडमनी नेमकं बोट ठेवलं. तो भाडेकरू निघून गेल्यावर बहिणीचं दुःख सगळ्या घराला माहीत, तिला रागवायला माणसं, समजवायला माणसं. आणि भावाचं? त्याचं काही गेलंय हेच कुणाला माहीत नाही. त्यानं कुणाजवळ रडायचं? नंतर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा सिनेमा आला, पण घर उचलून नेलं कोचीला. समुद्र वगैरे छान आहे. मला आपलं पुस्तकच बरं वाटतं.

आणि 'साबर बोंडं'! तो मी सोडणार आहे होय? २०२५ च्या सप्टेंबरात लेकीकडं पुण्याला होते तेव्हा थेटरात पाहिला. रोहन परशुराम कानवडेंचा. त्याच वर्षी अमेरिकेत सनडान्सला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालेलं, मराठी सिनेमा तिथं त्याआधी गेलाच नव्हता. मुंबईत कॉल सेंटरला असणारा आनंद, वडील वारलेत, दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथं लहानपणीचा मित्र बाळ्या, शेती करणारा. दोघांनाही लोकांचं एकच, लग्न कधी, लग्न कधी. अहो, आपल्याकडं तर पिंडाला कावळा शिवायच्या आत विचारतात! थेटरात लोक हसले त्याला. मी नाही हसले, मला आमच्या मामंजींचा दहावा आठवला, तेव्हा दिरांना असंच सगळ्यांनी घेरलेलं.

त्या सिनेमात मागं संगीत वाजत नाही. कॅमेरा एकदा ठेवला की ठेवला, हलतच नाही. माझ्या शेजारचा माणूस पंधरा मिनिटांत चुळबुळायला लागला. पण मला बरं वाटलं, कारण सुतकातलं घर असंच असतं. दुपार सरत नाही. बायका येतात, बसतात, उठतात. आणि त्या न सरणाऱ्या दुपारींत ही दोघं शेरडांमागं, झाडाखाली. काही सांगायची चोरी, पण बघणारे चार डोळे सदा भोवती.

आणि ती बोंडं! बाळ्या आनंदसाठी बोंडं आणतो. आता शहरातल्या माणसाला ते लाल फळ दिसतं, छान रंग दिसतो. आपण खाल्लीत ना हो लहानपणी? बांधाला फड्या निवडुंग असायचा. मोठे काटे दिसतात, त्यांचं काही नाही. पण बोंडावर ती बारीक कुसळं असतात ना, झुबक्या-झुबक्यानं, ती नजरेला येत नाहीत. काडीनं बोंड पाडायचं, पाल्याखाली धरून मातीत घासायचं, उलटंपालटं करून परत घासायचं, मग नखानं साल सोलायचं. एवढं करून एखादं कुसळ बोटात जायचंच, आणि दोन दिवस भाकरी थापताना टोचायचं. कुणी दुसऱ्यासाठी बोंडं आणली तर त्यानं काय काय केलं असेल, हे आपल्याला सांगावं लागत नाही. म्हणून मला तो प्रसंग बाकी सगळ्यांपेक्षा लक्षात राहिला. बाळ्याला बोलायची गरजच नव्हती.

हे मी भिशीत सांगितलं, तर सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग त्यांचं लग्न लागतं का?" त्यांचा जीव तिथंच. आपल्या वकीलबाई होत्या, त्यांनी सांगितलं, की ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधला असल्या नात्याला गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला, म्हणजे गुन्हा नाही आता. पण लग्नाचं विचाराल तर १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं ते संसदेवर सोडलं. थायलंडमध्ये मात्र २३ जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं रीतसर लागतात. सासूबाई थोडा वेळ हिशेब करत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या गच्चीवरच्या लेकरांचं आता जमतंय." सगळ्या हसल्या. त्या मात्र खरंच म्हणत होत्या.

आता शेवटचं, आणि हे हळू. भिशीत मी 'साबर बोंडं'मधल्या आनंदच्या आईबद्दल सांगत होते, की तिला पोराचं आधीपासून माहीत असतं, तेव्हा आपल्यातली एकजण उठून आत गेली. पाणी आणते म्हणाली आणि बराच वेळ आलीच नाही. कोण ते विचारू नका. मी सगळं सांगते तुम्हाला, कुणाच्या सुनेनं कुणाला काय म्हणलं तेही सांगते, पण हे नाही सांगणार. निघताना चप्पल घालता घालता तिनं मला विचारलं, "त्या आईला माहीत असतं, तर मग ती करते काय?" मी म्हणलं, विशेष काही नाही करत हो. पोराच्या बाजूला राहते. नातेवाइकांनी लग्नाचं काढलं की त्यांना आपणच तोंड देते. "एवढंच?" म्हणाली. म्हणलं, एवढंच. गेली मग. परवा फोन आला तिचा, तो सिनेमा कुठं मिळेल म्हणून विचारत होती.

तर पुढची भिशी माझ्याकडं आहे, लक्षात ठेवा. सुरुवात 'बॅड बडी'नंच, नणंदबाई लातूरहून मुद्दाम येणार आहेत. तुम्हीही या, आणि धपाटे तुमच्याकडं लागले, दही मी बघते. फक्त एकच अट आहे, आणि ती तुमच्या आत्यांनाही सांगून ठेवा. माझ्या घरी बसलेल्या कुणाच्याही पोराला, "मग लग्न कधी?" हे त्या दिवशी कुणी विचारायचं नाही.